पाण्यातला पुदिना लावताना

पाण्यातला पुदिना म्हणजे मेंथा ॲक्वाटिका, आपल्या चटणीच्या पुदिन्याचा पाणथळ भाऊबंद. पेपरमिंट हा याच्या आणि स्पिअरमिंट या पुदिन्याच्या दुसऱ्या जातीच्या संकरातून आलेला. याला तळाला भोक नसलेला पसरट टब द्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अजिबात नको, सगळं वर तरंगतं. नाशिकची काळी चिकण माती एरवी कुंडीत नकोशी वाटते, इथे मात्र तीच कामाची. चार बोटं माती, वर बारीक खडी, त्यावर २ इंच पाणी.

काडी घेताना पेर नीट बघा. चौकोनी, जांभळट देठाच्या पेराशी पांढऱ्या मुळ्यांची टोकं दिसली की ती हमखास लागते. पेर मातीत, शेंडा पाण्याबाहेर. डासांसाठी दोन-तीन गप्पी मासे सोडा. मग पानं चहात टाकण्याआधी धुवायची, हे ओघानं आलंच.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर टबातल्या पाण्याचा अक्षरशः काढा होतो. गेल्या वर्षी मी आळस केला आणि आठवड्यात मुळं कुजली. दुपारची सावली हवीच. आणि जास्तीच्या काड्या गोदावरीत किंवा नाल्यात टाकू नका, हा धावत्या खोडांनी भराभर पसरतो. शेजाऱ्यांना वाटा.