विज्ञानकथेचा पेपर घेताय? या चुका टाळा

साहित्याच्या वर्गात विज्ञानकथेचा पेपर लागला की मुलं खूश होतात. आवडते सिनेमे अभ्यासक्रमात आले, म्हणजे यंदा काम हलकं, असा त्यांचा समज असतो. मग प्रकल्प जमा होतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका तपासाव्या लागतात. हा पेपर कादंबरीच्या पेपराइतकंच वाचन मागतो. सिनेमे धरले तर जास्तच.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सिनेमा पाहून पुस्तकावर लिहिणं. एम.ए.च्या एका चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'वर निबंध वाचला. भाषा सफाईदार, स्लाइड देखण्या. मुद्दा असा, की व्हिक्टर या शास्त्रज्ञाने घडवलेल्या जिवाच्या डोक्यात सदोष मेंदू बसवला म्हणून तो खुनी झाला. म्हणजे लेखिकेच्या मते माणसाचा स्वभाव जन्मजातच ठरतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "हा मेंदू कितव्या प्रकरणात येतो?" मुलगा पानं उलटत राहिला. तो मेंदू कादंबरीत नाहीच. तो १९३१च्या हॉलिवूड सिनेमातला आहे. तिथे शास्त्रज्ञाच्या मदतनिसाच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो दुसरी उचलून आणतो. कादंबरीत असा मदतनीससुद्धा नाही.

तपशिलाची चूक असती तर दोन गुण कापून विषय संपला असता. इथे अर्थच उलटा झाला. त्या सिनेमातला जीव बोलत नाही, नुसता गुरगुरतो. कादंबरीतला जीव एका कुटुंबाचं बोलणं चोरून ऐकत भाषा शिकतो, मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य वाचतो आणि पुस्तकाच्या मधोमध आपली कैफियत स्वतः मांडतो: मी मुळात चांगला होतो, दुःखाने मला सैतान केलं. त्याला निर्माण करून पळून गेलेला व्हिक्टर आणि दिसताक्षणी दगड मारणारे गावकरी यांच्याकडे शेली बोट दाखवते. त्या निबंधाने हा सगळा दोष उचलून मेंदूवर ठेवला होता.

यावर माझी जुनी सवय अशी, की पुस्तक संपेपर्यंत सिनेमा लावायचा नाही. नंतर वहीचं पान उभं दुमडायचं. डावीकडे पुस्तकातलं प्रकरण, उजवीकडे सिनेमातलं मिनिट. जो प्रसंग एकाच बाजूला सापडतो त्याखाली रेघ ओढायची. चांगले निबंध या रेघांमधून निघतात. यात वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. दहा मिनिटांत कथा सांगणारे व्हिडिओ पाहून हे काम होत नाही, हे मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते आणि प्रत्येक वर्गातले काही जण तरीही तो रस्ता धरतात.

आवृत्ती न पाहणं ही याच चुकीची धाकटी बहीण. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ साली आली आणि १८३१ साली शेलीने ती बदलली. पहिलीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण आहे, दुसरीत दत्तक घेतलेली अनाथ मुलगी. कुटुंबावर लिहिणार असाल तर हातात कुठलं पुस्तक आहे ते आधी बघा. सिनेमांचंही तेच. 'ब्लेड रनर' १९८२ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन आणि सुखान्त शेवट होता. १९९२च्या आवृत्तीत दोन्ही काढले आणि एकशिंगी घोड्याचं स्वप्न घातलं. त्या स्वप्नामुळे नायक स्वतःच यंत्रमानव असल्याचा संशय येतो. नायक माणूस की यंत्रमानव, यावर वर्गात तासभर भांडण होतं आणि शेवटी कळतं की दोन्ही पक्षांनी वेगवेगळा सिनेमा पाहिलाय. नावाशेजारी आवृत्तीचं साल लिहा.

दुसरी चूक मला अधिक खुपते: कथेला भविष्यवाणी समजून तिची गुणपत्रिका भरणं. हे खरं ठरलं, ते चुकलं, अमुक अजून व्हायचंय. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'वर असं लिहिणारेही भेटतात, आणि ती कथा तर भूतकाळाची आहे! १७६१च्या पानिपतात विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे निसटून जाते, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पडतात. हे शक्य आहे का, म्हणून विद्यार्थी पुंजवादावर (क्वांटम सिद्धांतावर) दोन पानं उतरवून काढतात. ती पानं मी वाचतसुद्धा नाही. गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं आणि ते इथल्या बखरीशी जुळत नाही. आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवलेल्या इतिहासकाराच्या हातात खोटा ठरवता न येणारा कागद आला, आता त्याने काय मानायचं? निबंध या प्रश्नावर लिहा. त्या जगातले पेशवे युरोपातलं नवं तंत्रज्ञान ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रं उभारतात. लेखकाने विजयानंतर नेमकं हेच का घडवलं, यावरही पानं भरतील.

अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात हीच कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाने आहे, पण ती संक्षिप्त करून घेतलेली. मूळ कथा मिळवा.

विज्ञानकथेचे समीक्षक डार्को सुविन यांचं नाव पहिल्या परिच्छेदात टाकून पुढे विसरून जाऊ नका. कथेतली एक नवी गोष्ट बाकीचं सगळं जग बदलते, हा त्यांचा १९७९च्या पुस्तकातला विचार कामाचा आहे, पण तो वापरावा लागतो. ती नवी गोष्ट एका वाक्यात लिहा, मग तिच्यामुळे कुणाचं काय बदललं ते शोधा. पानिपताच्या कथेत ती गोष्ट म्हणजे नेम चुकलेली एक गोळी.

भारतात विज्ञानकथा फार उशिरा आली, हे वाक्य खोडा. जगदीशचंद्र बोस यांची बंगाली कथा १८९६ची आहे, बेगम रोकेया यांची 'सुलतानाज ड्रीम' १९०५ची.

विज्ञान चुकलं म्हणून कथा वाईट ठरवू नका, आणि अचूक आहे म्हणून चांगलीही नाही.

कथानक सांगण्यात अर्धं उत्तर घालवू नका. तपासणाऱ्याने कथा वाचलेली असते. पहिल्याच ओळीत सांगा की ही गोष्ट कोण सांगतंय आणि त्याच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, मग पुढचं लिहा.