वर्षाचा आढावा लिहिताना या चुका टाळा

मार्च महिना लागला, की गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांत एकच प्रकार घडतो. स्व-मूल्यमापनाचा फॉर्म येतो, पंधरा दिवस तसाच पडून राहतो आणि शेवटच्या रात्री जेवणानंतर घाईघाईने भरला जातो. औषधनिर्मितीत माझी वीसहून अधिक वर्षे गेली, त्यांतली बरीचशी पॅकिंग विभाग सांभाळण्यात, आणि आता दरवर्षी नव्या विभागप्रमुखांचे आढावे माझ्यासमोर येतात. त्यांत त्याच त्या चुका वाचून मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांचे मोल लिहिणाऱ्यापेक्षा त्याच्या हाताखालच्या माणसांना अधिक मोजावे लागते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वर्ष आठवणीतून लिहिणे. आमच्या कामात बॅच रेकॉर्डची, म्हणजे औषधाच्या प्रत्येक खेपेच्या कागदपत्रांतली, नोंद काम होताच, जागच्या जागी करावी लागते. दुपारच्या पाळीत पाहिलेले तापमान कोणी संध्याकाळी आठवून लिहिले, तर ती नोंद दोषपूर्ण ठरते. गोळ्यांच्या पट्टीला आपण हा नियम लावतो आणि माणसांच्या वर्षभराच्या कामाला मात्र लावत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले होते, की शिकलेले विसरण्याचा वेग अगदी सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. त्यामुळे मार्चमध्ये लिहायला बसलेल्या माणसाच्या हाताशी नुकतेच झालेले ऑडिट आणि नुकतीच झालेली वादावादी, एवढेच शिल्लक असते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. विभागप्रमुख म्हणून माझ्या पहिल्या वर्षी फेब्रुवारीत एक महत्त्वाचे ऑडिट निर्विघ्न पार पडले आणि मी माझा आढावा व टीममधल्या सर्वांच्या शिफारशी त्या ऑडिटभोवतीच लिहिल्या. गोळ्यांच्या पट्ट्या तयार करणाऱ्या ब्लिस्टर मशिनवरच्या, सत्तरी तालुक्यातल्या एका ऑपरेटरचे नाव त्यांत कुठेच नव्हते. मे महिन्यात त्याने दुसऱ्या विभागात बदलीचा अर्ज दिला. कारण विचारले, तर काहीच बोलेना. मग मी जुनी लॉगबुके काढून बसलो. गणेश चवथीच्या आठवड्यात, निम्मी पाळी रजेवर असताना, सलग सहा दिवसांच्या पानांवर त्याचेच तिरपे अक्षर होते: फॉइलचा रोल बदलल्याची वेळ, सीलिंगचे तापमान, गळती चाचणीचा निकाल आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, दोन कंत्राटी मुलांना त्या दिवशी काय शिकवले याची एक ओळ. त्याच्या घरी गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळे आणण्याचे काम त्याच्याकडे असते आणि त्या वर्षी ते त्याच्या धाकट्या भावाला करावे लागले, हे मला त्याच्या शेजारच्या मशिनवरल्या माणसाकडून कळले. थांबण्याची विनंती मीच केली होती, आणि सहा महिन्यांत मीच ती विसरलो. मी त्याची माफी मागितली. बदली मात्र तो घेऊनच गेला.

तेव्हापासून मी एक साधी वही ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी फोंड्याला परतताना, कंपनीची बस बोरीच्या पुलापाशी पोहोचेपर्यंत, तीनचार ओळी लिहून होतात: कोणी काय केले, मी काय ठरवले, काय बिघडले. ‘टीमने चांगले काम केले’ अशी ओळ मी लिहीत नाही. माणसाचे नाव आलेच पाहिजे. यासाठी एखादे अ‍ॅप आहे का, असे तरुण सहकारी लगेच विचारतात. अ‍ॅपला माझी हरकत नाही, परंतु विचारणाऱ्यांपैकी फारच थोडे जण नंतर काही लिहितात, असा माझा अनुभव आहे. ज्याला आठवड्याला दहा मिनिटे देणे जड वाटते, त्याने माणसे सांभाळण्याची जबाबदारी घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यश लिहिताना ‘मी’ आणि अपयश लिहिताना ‘आम्ही’, ही गल्लत तर जवळपास प्रत्येक आढाव्यात सापडते. लिहून झाल्यावर केवळ सर्वनामांसाठी तो एकदा वाचावा.

प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांची यादी म्हणजे प्रगती नव्हे. मागच्या वर्षी जमत नव्हते आणि आता जमते, असे एक काम लिहा.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच छळते: ‘यंदा चुका घटल्या’ हे वाक्य विचार न करता लिहिणे. एका वर्षी आमच्या विभागातल्या डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरलेली पद्धत चुकल्याच्या, नोंदी निम्म्यावर आल्या आणि मी ते अभिमानाने पहिल्याच परिच्छेदात लिहिले. गुणवत्ता विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी ते वाचून विचारले, “कोणते मशिन बदललेत? कोणती कार्यपद्धती बदललीत?” यांपैकी काहीच बदललेले नव्हते. बदलले होते ते एवढेच, की पावसाळ्यात सकाळच्या बैठकीत एका नव्या मुलीने लाइन क्लिअरन्सची, म्हणजे आधीच्या बॅचचे काही मागे राहिले नसल्याची, सही करायची राहिल्याचे आपण होऊन सांगितले आणि मी सर्वांदेखत तिला म्हणालो, “इतके साधे कसे विसरता तुम्ही?” त्यानंतर लोकांनी सांगणेच कमी केले होते. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेला १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत असेच उलटे चित्र दिसले होते: ज्या गटांचे नेतृत्व चांगले, तिथे औषधांच्या चुकांची नोंद अधिक. तिथली माणसे चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हती, असा उलगडा तिने केला. आकडा घटला, तर त्याचे कारण हातात दाखवता आले पाहिजे. ते दाखवता येत नसेल, तर तो आकडा आढाव्यात घालू नये. आता कोणी चूक सांगितली, की मी आधी “सांगितलेत हे बरे केलेत” म्हणतो आणि बाकीचे नंतर, एकट्याला गाठून विचारतो.

टीमचे मत इंग्रजी फॉर्मवर मागवणे हाही एक वाया जाणारा उद्योग आहे. दिवसभर कोंकणी आणि मराठी बोलणारा माणूस त्या चौकटीत ‘गुड’ लिहून मोकळा होतो. त्याच्याशी त्याच्या भाषेत, चहाच्या सुट्टीत, दोघेच असताना बोलावे, आणि ‘माझे काय चुकले?’ असे न विचारता ‘माझ्या कोणत्या निर्णयाने तुमचे काम वाढले?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळते.

अलीकडे एआयकडून लिहून घेतलेले आढावे येऊ लागले आहेत. भाषा गुळगुळीत असते, परंतु त्यांत एकही पाळी, एकही माणूस, एकही दिवस नसतो. शुद्धलेखन तपासायला एआय जरूर वापरा. वर्ष मात्र तुमचे आहे, ते तुम्हीच आठवायला हवे.

पुढच्या वर्षासाठी दहा संकल्प लिहू नका. दोन पुरेत.

आढावा वर पाठवण्याआधी मी तो टीममधल्या दोघांना वाचून दाखवतो. गेल्या वर्षी ऐकता ऐकता त्यांतल्या एकाने मला थांबवले. जूनमध्ये कार्टनच्या खोलीत छताखाली धरलेली ओल सर्वांत आधी रात्रपाळीच्या सफाई कामगार मावशींनी दाखवली होती आणि ते माझ्या वहीतही नव्हते. मावशींचे पूर्ण नाव मला विचारून घ्यावे लागले. ते मी त्या दोघांसमोरच आढाव्यात लिहिले.