एकट्यापुरती कॉफी, मोजून एकच कप

एकट्यासाठी कॉफी केली की पाणी हमखास जास्त पडतं आणि उरलेली कॉफी ओतून द्यावी लागते. त्यावर सोपा उपाय: ज्या कपातून पिणार, त्याच कपाने पाणी मोजा.

१. कपभर पाणी आणि वर दोन-तीन चमचे जास्तीचं. तेवढं पाणी पूड शोषून घेते, म्हणून ते लागतंच.
२. उकळी आली की गॅस बंद करा. अर्ध्या मिनिटाने १८० मिलिलीटरला साधारण १२ ग्रॅम दळलेली कॉफी (दोन मोठे सपाट चमचे) घालून ढवळा.
३. झाकण ठेवा, ४ मिनिटांनी बारीक गाळणीने थेट कपात गाळा.

पूड काढायचा चमचा मात्र कोरडाच हवा, नाहीतर डब्यात गुठळ्या होतात आणि वासही उडतो.