गंजलेली एमजीबी घरी उभी करायची असेल तर: आधीची तयारी

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी स्पोर्ट्‌स कार तयार झाल्या. ब्रिटनमध्ये राहून स्वतःच्या गॅरेजात एक जुनी स्पोर्ट्‌स कार उभी करायची असेल, तर सुरुवातीला हीच घ्यावी. तिचं इंजिन साधं आहे, आणि वॉशरपासून अख्ख्या बॉडी शेलपर्यंत जवळजवळ सगळं आजही नवीन मिळतं. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात धरून गाडी बघायला जा. तिला वेगळी चासी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. उघड्या रोडस्टरला तर छपराचाही आधार नसतो, त्यामुळे जवळजवळ सगळा भार दारांखालच्या सिलवर, म्हणजे बॉडीच्या कडेच्या लांब पोकळ भागावर येतो. इंजिन दमलेलं, सीटा फाटलेल्या, क्रोम उडालेलं असेल तर पैशांचा अंदाज बांधता येतो. सिल कुजले असतील तर कामाचा अंदाजच बदलतो.

बघायला जाताना जुनी चटई, टॉर्च, छोटा आरसा, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि मालकाची परवानगी असेल तर ट्रॉली जॅक बरोबर असू द्या. पावसात गाडी बघू नका. ओल्या रंगावर पत्र्यातल्या लाटा आणि लांबीचे (खड्डे बुजवायच्या पुटीचे) थर दिसत नाहीत. चुंबक पुढच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यावर, मागच्या चाकापुढच्या त्रिकोणी भागावर आणि सिलवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी किंवा फायबर आहे. फक्त बॉनेटवरून घाबरू नका, सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचंच होतं. दाराच्या वरच्या कडेवर, छोट्या काचेच्या मागच्या खांबापाशी चीर दिसली तर तो या गाडीचा जुना आजार आहे. दुरुस्त होतो, पण पत्रा वेल्ड करावा लागतो.

आता मुख्य तपासणी. दार बंद असताना त्याच्या पुढची आणि मागची फट खालपासून वरपर्यंत बघा, मग सिलच्या मधल्या जॅकच्या जागेवर गाडी थोडी उचला. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर सांगाडा वाकतो आहे. जॅकखाली पत्रा कुरकुरला तर तिथेच थांबा, गाडी आणखी उचलू नका. एमजीबीचा सिल एका पत्र्याचा नसतो: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोन्हींच्या मध्ये उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी. बाहेरच्या सिलची दोन्ही टोकं पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत शिरतात. म्हणूनच स्वस्तात काम उरकणारे फक्त दिसणाऱ्या भागावर नवं कवच चढवून देतात, आणि आतला गंज तसाच वाढत राहतो. सिल नवा आहे असं विकणारा सांगत असेल तर मडगार्डच्या आत टॉर्च मारून पत्रा टोकापर्यंत गेला आहे का ते बघा. वेल्डिंगच्या वेळचे फोटो मागा. फोटो नसतील तर सिल जुनाच समजून किंमत ठरवा.

खाली झोपून फ्लोअर, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाची जागा आणि सीटामागचे बॅटरीचे कप्पे टोचून बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, आणि सांडलेलं ॲसिड कप्प्याचा तळ खातं. पेट्रोलची टाकी खालून धडधाकट दिसली तरी वरून गंजलेली असू शकते, कारण टाकी आणि डिकीचा तळ यांच्या फटीत चिखल साचून ओल धरतो. गाडी पूर्ण टाकी भरल्यावरच गळते ती याच कारणाने.

इंजिन चालत असेल तर गरम झाल्यावर तेलाचा दाब बघा. रस्त्यावर चालताना ५० ते ८० पीएसआय असावा. इंजिन जाम असेल तर ते उघडावंच लागणार असं धरून चाला. तारांची चाकं असतील तर हँडब्रेक लावून मागचं चाक उचला आणि हाताने पुढे-मागे हलवा. टकटक आली तर चाकाच्या नाहीतर हबच्या दातऱ्या झिजल्या आहेत. पुढचं चाक वर-खाली धरून हलवा, मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. तरीही खेळ राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो खिळा) गेला, आणि तो ग्रीसिंग न केल्यानेच जातो.

कागदपत्रांत व्ही-फाइव्ह-सी लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा चासी नंबर गाडीवरच्या पट्टीशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. लॉगबुक हा मालकीचा पुरावा नसतो, म्हणून सहीची पावती वेगळी घ्या. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ऐतिहासिक वर्गात नोंदवून रोड टॅक्स माफ होतो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. २०१८ पासून अशा गाड्यांना, मूळ रचनेत मोठा बदल केला नसेल तर, एमओटीचीही, म्हणजे दरवर्षीच्या सुरक्षा तपासणीचीही सक्ती नाही. तरी काम झाल्यावर स्वेच्छेने एमओटी करून घ्या. ब्रेकवर आणि वेल्डिंगवर परक्या तज्ज्ञाची नजर पडलीच पाहिजे.

गाडी घरी येण्याआधी जागा मोकळी करा. गाडीभोवती निदान एक मीटर आणि सुट्या भागांसाठी गाडीएवढीच आणखी जागा लागते. मडगार्ड, दारं, सीटा किती पसरतात हे आधी लक्षात येत नाही. अवजारांत इंची पाने घ्या: ७/१६, १/२ आणि ९/१६ इंच सतत लागतील. मेट्रिक पाना जवळपास बसतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतो. जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर गाडी नेहमी स्टँडवर. बोल्टांवर गंज सैल करणारं भेदक तेल काम सुरू करण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज मारा. तरी न सुटलेला बोल्ट तापवायचा असेल तर आधी जवळची पेट्रोलची नळी, ब्रेकचा पाइप आणि रबर काढा.

खोलायला लागल्यावर आधी फोटो, मग पाना. प्रत्येक जोडातले नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा आणि तारीख. तुटलेला, गंजलेला भागही टाकू नका, नवा आला की त्याच्याशी ताडून बघायला तोच लागतो. बॅटरी काढण्याआधी ध्रुव तपासा: १९६७ पर्यंतच्या गाड्यांत धन बाजू बॉडीला जोडलेली असे. नव्या गाडीच्या सवयीने उलटी जोडली तर नुकसान होतं. ब्रेकच्या जुन्या पॅड आणि शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बंद करा.

कापाकापीच्या आधीची तयारी सगळ्यात जास्त वेळ खाते, आणि तो वेळ द्यायलाच हवा. गाडी पुढच्या क्रॉसमेंबरखाली (पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईखाली) आणि मागच्या ॲक्सलखाली स्टँडवर समतल करा, म्हणजे वजन नेहमीच्याच ठिकाणी राहील. दारं जागेवर ठेवून फटी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचे दोन आडवे आणि एक तिरका आधार बोल्टने बसवा. बोल्ट यासाठी, की दार लावून बघताना आधार काढता आला पाहिजे. आधार न देता सिल कापला की मधला भाग खाली बसतो. त्यावर नवा सिल वेल्ड झाला की वाकडेपणा कायमचा होतो आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही. दोन्ही बाजू एकदम कापू नका. एका बाजूचा आतला पत्रा, पडदा, कॅसल रेल आणि बाहेरचा सिल क्लॅम्पने धरा, दार लावून फट बघा, तेव्हाच वेल्ड करा. नवे पॅनेल डब्यातून काढले की तसेच बसतात या भरवशावर राहू नका. थोडं घासावं, वाकवावं लागतंच.

मिग वेल्डरला ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घ्या. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे ठिपके) होते तिथे नव्या पत्र्यात ६ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरा. दोन भोकांत २५ ते ४० मिलिमीटर अंतर ठेवा. सलग लांब रेघ ओढली तर पातळ पत्रा तापून पिळतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका. जोडाच्या आतल्या बाजूला वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावा, पण त्याचा धूर विषारी असतो, दार उघडं आणि मास्क हवाच. टाकी गाडीतून आधीच काढलेली असावी, गालिचे बाहेर, विझवण्याचा सिलिंडर हाताशी. ठिणगी गालिच्याखाली तासभर धुमसू शकते, वेल्डिंग थांबवल्यावर तासभर तरी गॅरेज सोडू नका. पत्रा फारच गेला असेल तर ब्रिटिश मोटर हेरिटेजची मूळ साच्यांवर घडवलेली अख्खी शेल मिळते. महाग आहे, पण दहा पॅनेलची बेरीज करून मगच ती नाकारा.

रंगाचं काम घरी करायचं असेल तर टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग घेऊ नका. त्यातले आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाहीत आणि कायमचा दमा देऊ शकतात. घरी इपॉक्सी प्रायमर लावून पत्र्याच्या जोडांत सीम सीलर भरा, वरचा रंग बूथमध्ये मारून घ्या. पोकळ भागांत मारायचं गंजरोधक मेण मात्र रंगानंतरच, कारण मेणाचा अंश राहिला तर रंग फाटतो.

जोडणीला ब्रेकचे पाइप ३/१६ इंचाचे तांबं-निकेलचे आणि सगळे रबरी होज नवे घ्या. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या आर-नाइन प्रतीच्या असाव्यात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगून तडकतं. इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल, एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या घुमटात) डँपर आत ढकलताना अडथळा जाणवेल इतकं तेल, काठोकाठ नव्हे. पहिल्या फेरीआधी किंगपिनला ग्रीस, चाकाचे नट टॉर्क रेंचने घट्ट, आणि ५० मैलांनंतर तेच नट पुन्हा तपासायचे, नव्या रंगावर बसलेले नट सैल पडतात.