ट्रेकला निघालेल्या सोलापूरकरांनो, या चुका टाळा

होळी जवळ आली की आमच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकतं, खाली लिहितं "जायचं का बे रविवारी?", आणि तासाभरात अठरा जण तयार. शनिवारी रात्री त्यातले नऊ गळतात आणि उरलेले नऊ माझ्या गळ्यात पडतात. बारा वर्षं झाली हे चाललंय. दरवर्षी पोरं नवी, चुका मात्र त्याच. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं, पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळं व्हायचं.

आधीच सांगतो, फाल्गुन-चैत्रातला सह्याद्री मला पावसाळ्यातल्यापेक्षा जास्त आवडतो. पळस, पांगारा, काटेसावर पेटल्यासारखी फुललेली असतात, पहाटे अंगावर स्वेटर लागतो, गर्दी कमी. पण पावसाळी ट्रेकची सवय घेऊन या दिवसांत गेलात की फसलात.

"आपल्याला ऊन काय नवीन आहे का?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी बोललं की मी त्याच्या बॅगेतली बाटली उचलून बघतो. सोलापूरचा माणूस, ४२-४३ बघितलेला, त्याला राजगडावरचं ३५ म्हणजे गारच की. वर कोजागरीला तुळजापूरला पायी जाऊन आलेला असतो, त्यामुळं "पंचेचाळीस किलोमीटर चालतो ओ आम्ही, गड काय घेऊन बसलात". अरे बाबा, ते रात्रीचं चालणं, सपाट डांबरी रस्ता, दर फर्लांगाला कुणीतरी चहा नाहीतर केळं हातात देतंय, चढ काय तो शेवटी घाटाचा तेवढा. त्याचा आणि मार्चात भर दुपारी डोंगराची खडी सोंड चढायचा काय संबंध?

आणि खरं सांगू का, सोलापूरचं ऊन आपण सोसतच नाही, चुकवतो. एप्रिलात दुपारी एक वाजता तुम्ही कुठं असता? खिडक्या लावून, कूलरसमोर, आडवे. बाजारात गेलात तरी सावलीसावलीनं. रानातली माणसं तर अकराच्या आत काम उरकून झाडाखाली. जी अक्कल घरी असताना वापरतो ती गडाच्या पायथ्याला कशी काय गळून पडते, मला कळत नाही.

असाच एक पाव्हणा आमच्यासोबत राजगडला आला होता, माझ्या मावसभावाचा मेहुणा, वय सव्वीस, जिमचं शरीर. मी म्हणत होतो शनिवारी रात्रीच निघू आणि पायथ्याच्या गुंजवण्यात मुक्काम करू. नाही, झोप पाहिजे म्हणे. मग पहाटे चारला सोलापूर सोडलं, भिगवणला नाष्टा, पुण्यात ट्रॅफिक, आणि गुंजवण्यात गाडी लागली तेव्हा पावणेअकरा वाजलेले. पाव्हण्याकडं एक लिटरची एक बाटली, त्यातली अर्धी गाडीतच संपलेली. मी दुसरी देतो म्हटलं तर "वजन कशाला वाढवायचं, वर टाकी आहेत ना पाण्याची".

झाडी आहे तोवर गडी सगळ्यांच्या पुढं. मग झाडी संपली. चोरदरवाजाच्या खालचा कातळटप्पा दिसायला लागला तिथं त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, हे एक वेळ ठीक आहे, येतात. पण पाच मिनिटांनी तो म्हणाला, "दादा, थंडी वाजायलीय." दुपारी एक वाजता, मार्चमध्ये! मी बघितलं तर काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले, आणि हातातल्या चिक्कीचा कागद त्याला फाडता येईना, बोटं नुसती थरथरत होती. तो कागद मला अजून दिसतो.

मग करवंदीच्या जाळीची जेवढी सावली होती तिच्यात घातला, बूट-मोजे काढले, गमछा भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, ओआरएस घोटघोट पाजलं. ताक विकायला बसलेल्या एका मावशींनी त्यांच्या प्यायच्या पाण्यातलं पाणी दिलं आणि वर मलाच झापलं, "उन्हाचं आणता व्हय ओ पोरांना?" चाळीस मिनिटांनी पाव्हणा माणसात आला. तिथूनच सगळे खाली. बालेकिल्ला बघायचा राहिला म्हणून आमच्यातला एक जण अजून मला टोमणे मारतो, मारू दे.

माझी पद्धत साधी आहे. मुक्काम पायथ्याच्या गावात, साडेपाचला टॉर्च लावून चालायला सुरुवात, साडेआठपर्यंत माथा, बाराच्या आत खाली. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर साखर-मीठ-लिंबाचं. पाकिटातलं ओआरएस नसेल तर १ लिटर पाण्याला चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा मीठ वाढवायचं नाही. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठ पण गेलेलं असतं. आणि वरच्या टाक्यांचा भरवसा धरू नका, मार्च-एप्रिलात बरीच टाकी आटलेली नाहीतर शेवाळलेली असतात. गावात विचारायचं, "मामा, वर पाणी आहे का?" एवढं विचारायला काय जातं?

पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलंय आणि तोल जातोय, तर तो उष्माघात धरून चाला. मग घरगुती उपाय बास. तोंडात पाणी ओतत बसू नका, ठसका लागतो. अंग भिजवा, वारा घाला, १०८ ला फोन करा आणि गावातल्या माणसांना हाक मारा, उचलून खाली न्यायला तेच येतात.

कोकणात याच्या उलट गंमत होते. आपल्याकडची हवा कोरडी, घाम आला की लगेच वाळतो आणि अंग गार होतं. समुद्राकाठी हवेतच इतका दमटपणा की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. तापमान ३२ दाखवतंय आणि माणूस मात्र ४० असल्यासारखा गळालेला. रत्नागिरीकडं सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं बघायला जाणारे तर हमखास अकरानंतर जातात, जिथं मैलभर एक झाड नसतं आणि खालचा जांभा तव्यासारखा तापलेला असतो. सकाळी सातला जा की.

ओहोटीची वेळ बघितली म्हणजे सगळं कळलं

ही चूक माझी स्वतःची आहे, त्यामुळं जरा सविस्तर.

रंगपंचमीला सोलापुरात रंगात भिजण्यापेक्षा अलिबाग करू म्हणून मी, बायको, माझी बहीण, दाजी आणि त्यांचा पाच वर्षांचा पोरगा असे निघालो. कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्र्यांचं ठाणं, ओहोटीला चालत जाता येतं एवढं वाचलेलं. ओहोटी साडेनऊची. नऊला वाळूवरून निवांत चालत गेलो, घोट्याएवढं पाणी. टांगेवाले असतात तिथं, त्यातला एक जण म्हणाला, "साडेदहा-अकराच्या आत परत निघा." मला वाटलं धंद्यासाठी घाई करतोय. आत गेलो, गणपतीचं दर्शन घेतलं, गोड्या पाण्याची विहीर बघितली, तटावरून फिरलो, सावलीत बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडली, फोटो काढले. दाजी म्हणत होते, "मेव्हणे, निघू या का?" मी म्हटलं, ओहोटी आत्ताच तर झाली, भरतीला सहा तास असतात.

सव्वाबाराला दरवाजाबाहेर आलो तर समोर समुद्र. टांगा यायला पाणी जास्त, होडी यायला कमी. आणि मी, शहाणा, म्हटलं कमरेएवढंच आहे, जाऊ चालत. पोरगं दाजींच्या खांद्यावर, फोन डोक्यावर धरलेले, मध्यावर पाणी छातीला लागलं, दाजींची एक चप्पल गेली, बहीण रडकुंडीला आलेली. किनाऱ्यावरून एक कोळी काका ओरडून ओरडून हात दाखवत होते, "डावीकडनं या, डावीकडनं!" तिकडं वाळू उंच होती म्हणून वाचलो. बहीण त्यानंतर दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही आणि तिचं बरोबरच होतं.

तर, ओहोटीची वेळ म्हणजे पाणी सगळ्यात खाली असायची वेळ, तिथून उलटा प्रवास सुरू. जायचं ते ओहोटीच्या तास-दीड तास आधी, आणि परत ओहोटीनंतर तासाभराच्या आत. पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, आपण फसतो ते इथंच, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येऊन जाते.

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब मी आता पाठच केलाय: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. पंचमी म्हणजे पाच गुणिले पाऊण, पावणेचार. त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे साडेनऊला ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. पुनव-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, त्या दिवशी उधाण, पाणी लांब जातं आणि तितकंच जोरात वर येतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीला जोर कमी, ओहोटी भर दुपारी येते खरी पण पाणी पुरतं हटत नाही. हा अंदाज आहे, नेमकी वेळ त्या गावची बघून घ्यायची आणि वर तिथल्या माणसाला विचारायचं. सकाळी चालत जायला तृतीया ते पंचमी बरी.

आणि अडकलातच तर आतच बसून राहा. पाणी वाढलं की होड्या सुरू होतात. दोन तास उशीर झाला म्हणून कुणी मरत नाही. मी तेव्हा बसायला हवं होतं.

शॉर्टकट

यावर माझं डोकं फिरतं. मळलेली वाट वळसा घालून जाते तर तिला कारण असतं. पण आपल्या हिरोला वर झेंडा दिसत असतो ना, मग तो सरळ गवतातून. मार्चातलं वाळलेलं गवत तेल लावल्यासारखं घसरतं आणि त्याखाली घसारा, पाय ठेवला की दगड खाली. शिवाय डोंगरात दहा वाटा दिसतात, त्यातल्या सात ढोरवाटा असतात, त्या गुरांच्या सोयीनं पाण्याकडं नाहीतर चाऱ्याकडं जातात, गडावर नाही. वाट चुकल्यासारखी वाटली तर शेवटची खात्रीची खूण होती तिथं परत जायचं, "पुढं भेटेल कुठंतरी" म्हणत उतरत सुटायचं नाही, कारण ते पुढं म्हणजे बहुतेक वेळा कडा असतो. मॅप घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या, खोऱ्यात रेंज नसते.

उरलेल्या, भराभर

अत्तर, डिओ मारून येऊ नका. या दिवसांत कड्यांवर आग्या मोहोळं असतात, वास, धूर आणि स्पीकर तिन्ही त्यांना चालत नाही. उठलीच तर हात झटकत बसू नका, एक माशी चिरडली की तिच्या वासानं बाकीच्या येतात. तोंड-डोकं झाका आणि लांब पळा.

सिगरेट, शेकोटी नको. एका ठिणगीनं अख्खा डोंगर वणव्यात जातो.

नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, आधी आठ दिवस सिद्धेश्वर तळ्याभोवती फिरा त्यात. पायाची नखं कापा, नाहीतर उतरताना काळी पडतात. जीन्स नको. आणि समुद्राकाठच्या खडकांवर अनवाणी तर अजिबात नको, कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखा पाय कापतो.

हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे समुद्राकाठच्या कातळातल्या अरुंद भेगेत, भरतीला पाण्याचा फवारा बघायला लोक पार कडेला उभे राहतात. लांबून पण तसाच दिसतो.

डबा: कडक भाकरीला तोड नाही, मोडली तर मोडली, विटत नाही. चटणी मात्र बेतानं, तिखट खाल्लं की पाणी दुप्पट लागतं. एकदा एकानं दिवसभराच्या ट्रेकला आपली सोलापुरी चादर आणलेली, अंथरायला. दीड किलोची चादर. वर मलाच म्हणाला, "धरता का थोडा वेळ?"

पहिलाच ट्रेक हरिहर किंवा कलावंतीण नको. रीलमध्ये पायऱ्या दिसतात, उतरताना पाय कसे लटपटतात ते कुणी टाकत नाही. आधी येडशीचं रामलिंग करा, नळदुर्गाच्या तटावरून दोन तास फिरा, मग साताऱ्याचा अजिंक्यतारा, मग बोला. २०२५ मध्ये १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तर यादी हातात घेऊन टिक मारत फिरणारे वाढलेत, त्यांना वाटतं सगळं याच सीझनमध्ये उरकायचं.

शेवटचं, परतीची गाडी. पुणेच अडीचशे किलोमीटर, गड त्याच्या पुढं, आणि जो माणूस पहाटे चारपासून जागा आहे, दिवसभर चढलाय-उतरलाय, तोच रात्री इंदापूरच्या पुढं सरळ रस्त्यावर स्टेअरिंग धरून बसतो आणि बाकीचे आठ जण घोरत असतात. मी आता गाडी असली की एक जण न चढणारा ठेवतो, तो खाली झाडाखाली झोपतो, आम्ही त्याचं जेवण आणि चहा बघतो. तसा कुणी नसेल तर खाली उतरल्यावर आधी दोन तास सगळेच झोपतो, मग गाडी. टेंभुर्णीला चहाला थांबतोच थांबतो, कुणाला नको असला तरी.