मंगलित्सा डुक्कर पाळताय? थंडीला घाबरून या चुका करू नका

अंगावर मेंढीसारखी कुरळी लोकर, पण जात डुकराची. हंगेरीत 1830 च्या दशकात सर्बियातली शुमादिया डुकरं आणि हंगेरीतली गावठी डुकरं यांच्या संकरातून मंगलित्सा तयार झालं, तेही मुख्यतः चरबीसाठी. 1990 च्या सुमारास माद्या दोनशेच्याही आत आल्या होत्या. नंतर जात सावरली. नवखे लोक चुकतात ते बहुतेक वेळा तिच्या काळजीपोटीच.

हिवाळा लागला की शेडची दारं-खिडक्या गच्च लावून घेणं, ही सगळ्यात मोठी चूक. शून्याखालच्या थंडीत मंगलित्सा मजेत असतं. त्याला सोसत नाही ती ओल. बंद शेडमध्ये श्वासाची वाफ छताला लागते, थेंब थेंब खाली गळते, लोकर भिजते आणि मुताचा अमोनिया साचतो. खात्री करायची तर डुकराच्या उंचीएवढं खाली वाका. डोळे चुरचुरले तर हवा बिघडली आहे. खालचं काड मुठीत दाबून बघा, तळवा ओला झाला तर बदला. वरच्या अंगाला फट हवी, खालून वाऱ्याचा झोत नको. डुकरं एकमेकांवर चढून ढीग करून झोपली असतील तर त्यांना गारठा लागतोय. अंग पसरून पडली असतील तर तुम्ही खुशाल घरी जा.

पिल्लांचं गणित वेगळं. रानडुकरासारखे पट्टे असले म्हणून ती काटक नसतात. ताज्या पिल्लांना 30 अंशांहून जास्त ऊब लागते, म्हणून कोपऱ्यात दिवा आणि कोरडं काड हवंच.

मग येते घाई. पांढरी संकरित डुकरं सहा महिन्यांत विक्रीला येतात, याला वर्षाहून जास्त लागतं. मका ओतलात तर चरबीच चढते, आणि लठ्ठ मादी गाभण राहायलाही त्रास, व्यायलाही त्रास. धान्य मोजून, बाकी लसूणघास आणि चराई. पाच-सहाच पिल्लं झाली म्हणून मादी विकून टाकू नका. या जातीचं वेतच तेवढं.

वसंतात लोकर गळते, गळू द्या. मात्र कानाच्या आत खपल्या दिसल्या आणि डुक्कर खांबाला अंग घासत सुटलं, तर ती खरूज; पशुवैद्यांना बोलवा.

घरातलं उष्टं देऊ नका. युरोपीय संघात त्यावर बंदीच आहे, आणि 2018 पासून हंगेरीच्या रानडुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवर आहे, म्हणजे डुकरांचा जीवघेणा, उरल्यासुरल्या मांसातूनही पसरणारा रोग. कुंपण पक्कं ठेवा, रानडुक्कर जवळ फिरकता कामा नये. आणि डब्यात उरलेला सॉसेजचा तुकडाही त्यांच्यापुढे टाकू नका.