एकाच पातेल्यातला भाज्यांचा पास्ता: पाणी ओतून देऊ नका

पास्ता उकडून चाळणीत ओतला की खालून पांढुरकं, किंचित चिकट पाणी बेसिनमध्ये वाहून जातं. कित्येक वर्षं मी ते बिनदिक्कत ओतून देत होते. एकदा आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "चकोल्यांचं पाणी कुणी ओतून देतं का गं?" तेव्हापासून आमच्याकडे रात्रीचा पास्ता एकाच पातेल्यात होतो.

चकोल्या, म्हणजे काही घरांतली वरणफळं, कशा होतात ते आठवून पाहा. उकळत्या पातळ वरणात कणकेचे तुकडे सोडतो, ते वरणातच शिजतात. कणकेतलं पिष्ट हळूहळू सुटतं आणि वरणाला दाटपणा येतो. पास्ताही गव्हाचाच, त्याचंही तेच होतं. भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकून दिलं की सॉस दाट करायला क्रीम, मैदा नाहीतर ढीगभर चीज लागतं. मोजक्या पाण्यात, भाज्यांसोबत शिजवला की तो स्वतःचा सॉस स्वतःच करतो. इटलीतल्या घरांतही हे चालतं. नेपल्समध्ये बटाट्याबरोबर पास्ता एकाच भांड्यात शिजवतात, लाल भोपळ्याबरोबरही शिजवतात. पुढची कृती त्या भोपळ्याच्या पास्त्यावर बेतलेली आहे, कारण लाल भोपळा आपल्या मंडईत बारा महिने मिळतो आणि शिजून विरघळला की क्रीमची आठवणही होत नाही.

साहित्य चौघांपुरतं सांगते. पास्ता 250 ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोच्या पाकिटातला निम्मा. लाल भोपळा 200 ग्रॅम, पिकलेले लालबुंद टोमॅटो 4, कांदा 1, गाजर 1, फरसबीच्या 10-12 शेंगा, मटार अर्धी वाटी, ढोबळी मिरची 1, पालक मूठभर, लसूण 8 पाकळ्या. तेल 2 मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा, चिली फ्लेक्स अर्धा छोटा चमचा, ताजी कुटलेली मिरी आणि किसलेलं चीज 50 ग्रॅम. आणि 700 मिलिलिटर पाणी. पाण्याचं माप वाटीनं घेऊ नका, प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते. मोजपात्र नसेल तर एक लिटरची रिकामी बाटली घ्या आणि तिच्यावर एकदा नीट मोजून खूण करून ठेवा.

पास्ता कोणता घ्यायचा

इथे घाई करू नका, पाकीट उलटं करून घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा, एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम. इटलीत 1967 च्या कायद्यानं सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असं ठरवून दिलं. त्यामागे कारण आहे. ड्युरम कडक दाण्याचा असतो, त्यात प्रथिनं जास्त असतात, आणि शिजताना प्रथिनांची जाळी पिष्टाला धरून ठेवते. पास्ता थोडं पिष्ट सोडतो, पण स्वतः विरघळत नाही. मैद्याचा पास्ता या पद्धतीत हमखास गिचका होतो, कारण इथे त्याला जास्तीचं पिष्ट टाकून द्यायची सोयच नाही. कच्च्या पास्त्याचा रंग पिवळसर, मधासारखा असेल तर बहुधा तो चांगला. ड्युरम गहू आपल्याला परका नाही. आपला बन्सी गहू ड्युरमच आहे, आणि खपली ज्या जुन्या जातीचा आहे, तिच्यातूनच पुढे ड्युरम आला.

आकार पेने (तिरप्या टोकांच्या नळ्या) किंवा फुसिली (पिळाचे तुकडे). दोन्हींचा शिजायचा वेळ साधारण 10-12 मिनिटांचा असतो आणि तेवढ्या वेळात पाणी आटून सॉस जमतो. छोटी मॅकरोनी त्याआधीच शिजून जाते आणि पाणी मात्र उरतं. दोन आकार एकत्र कधीच करू नका.

भांडं

रुंद आणि जाड बुडाचं, चार लिटरच्या आसपास. स्टीलचं तिहेरी बुडाचं पातेलं किंवा कढई सगळ्यांत बरी. लोखंडी कढई या पदार्थाला नको. टोमॅटोच्या आंबटपणामुळे लोखंड सुटतं, सॉस काळपट होतो आणि त्याला धातूची चव येते. कुकरही नको. पिष्टाचा फेस वर चढून शिट्टीची वाट बुजवू शकतो, शिवाय झाकण बंद असल्यामुळे पास्ता कुठवर शिजलाय ते कळत नाही.

आता कृती

आधी सगळं चिरून घ्या, कारण एकदा पास्ता पाण्यात पडला की सुरीला हात लावायला वेळ नसतो. भोपळ्याची साल काढून बोटाच्या पेराहून लहान फोडी करा, त्या विरघळायला हव्यात. गाजर आणि फरसबी बारीक, ढोबळी मिरची मात्र जरा मोठी. टोमॅटो चिरा किंवा किसा, साल राहिली तरी चालेल. दुसऱ्या गॅसवर 850 मिलिलिटर पाणी तापत ठेवा. 700 कृतीसाठी, बाकीचं हाताशी असावं म्हणून.

लसणाचे पातळ काप करा. तेल थंड असतानाच लसूण त्यात घाला आणि मंद आचेवर ठेवा. तापलेल्या तेलात लसूण टाकला की तो बाहेरून करपतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत राहतो. सावकाश तापला की त्याचा वास तेलात उतरतो. काप कडेनं जेमतेम सोनेरी दिसले की चिली फ्लेक्स आणि लगेच कांदा घाला. तेल ऑलिव्हचं असलंच पाहिजे असं नाही. मी शेंगदाण्याच्या तेलात करते आणि वाढताना वरून एक चमचा ऑलिव्ह तेल सोडते. कच्च्या तेलाचा सुवास तिथे खरा कळतो.

कांदा पारदर्शक झाला की भोपळा, गाजर, फरसबी आणि चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवा. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं. टोमॅटो अजून नाही. हा क्रम चुकवू नका. आंबट पदार्थात भाज्या लवकर मऊ होत नाहीत. टोमॅटो आधी पडला तर पास्ता शिजून गेला तरी फरसबी कचकच लागते. भोपळ्याची फोड कालथ्यानं दाबल्यावर सहज मोडली, की मग टोमॅटो घाला. झाकण काढून पाच मिनिटं परता. टोमॅटोचा कच्चा वास गेला पाहिजे आणि तेल कडेला दिसायला लागलं पाहिजे.

आता कोरडा पास्ता घालून एकदा परतून घ्या, ताजा मटार असेल तर तोही घाला, आणि वर 700 मिलिलिटर उकळतं पाणी ओता. गार पाणी ओतलं तर उकळी यायला वेळ लागतो, तोवर पास्ता भिजत पडतो आणि बाहेरून मऊ, आतून कच्चा राहतो. पाणी पास्त्याच्या जेमतेम वर असावं. कमी वाटलं तरी वाढवू नका, भाज्यांनाही पाणी सुटणार आहे.

आता मीठ. नेहमीच्या पद्धतीत एका लिटर पाण्याला 10 ग्रॅमपर्यंत मीठ घालतात, कारण त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर जातं. इथे घातलेला प्रत्येक कण पानात येतो. पहिल्यांदा मी सवयीनं मूठ सैल सोडली आणि अख्खं पातेलं खारट झालं. दीड छोटा चमचा घाला, चीजमध्येही मीठ असतं. कमी वाटलं तर शेवटी वाढवता येईल.

उकळी फुटल्यावरची पहिली दोन मिनिटं पातेल्यापासून हलू नका. या वेळात पास्त्याचा पृष्ठभाग सगळ्यांत चिकट असतो, त्यामुळे तुकडे एकमेकांना आणि बुडाला धरतात. सतत हलवत राहा. त्यानंतर आच मध्यम करा, झाकण अर्धवट ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बुडापासून ढवळा. ढवळल्यानं नुसतं लागणं टळत नाही, तुकडे एकमेकांवर घासून पिष्ट सुटतं आणि पाण्याला दाटपणा येतो. इटलीत या कामाला 'रिझोत्तारे' म्हणतात, म्हणजे रिझोत्तोच्या भातासारखं शिजवणं.

आठ मिनिटांनी ढोबळी मिरची घाला, फ्रोझन मटार असेल तर तोही आत्ताच.

पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिली आहेत, तेवढी झाली की चव घ्यायला सुरुवात करा. कमी पाण्यात साधारण दोन-तीन मिनिटं जास्त लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. एक पेने मधोमध तोडून पाहा. आत पांढरा खडूसारखा ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे. ठिपका जवळजवळ नाहीसा झालाय, पण दाताखाली किंचित लागतोय, ही थांबायची वेळ. आपल्याकडे बऱ्याच जणांना, विशेषतः घरातल्या मोठ्या माणसांना, एवढा लागणारा पास्ता आवडत नाही. त्यांच्यासाठी आणखी मिनिटभर शिजवा, काही बिघडत नाही.

गॅस बंद करताना सॉस पळीवाढा दिसायला हवा, म्हणजे तुम्हाला पानात हवा त्याहून थोडा पातळ. पास्ता आच बंद झाल्यावरही पाणी पीत राहतो. पातेल्यातच घट्ट झालेला सॉस ताटात येईपर्यंत कोरडा पडलेला असतो.

गॅस बंद केल्यावर पालक घाला, नुसत्या वाफेवर तो बसतो आणि हिरवागार राहतो. मिनिटभर थांबून मग चीज. उकळत्या सॉसमध्ये खरं चीज टाकलं तर त्यातली प्रथिनं आकसून गोळे होतात आणि तेल सुटतं. प्रोसेस्ड चीजला तेवढा धोका नाही, कारण ते फुटू नये म्हणून त्यात खास क्षार घातलेले असतात. परदेशातून आलेलं अस्सल पार्मेझान वापरणार असाल तर एक माहीत असू द्या, ते वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध फाडणाऱ्या पाचक द्रव्यानं, विरजलेलं असतं. शाकाहारी घरात पाकिटावरची हिरवी खूण पाहूनच चीज घ्या.

वासासाठी ऑरेगॅनो अर्धा छोटा चमचा. घरात पानओव्याची कुंडी असेल तर ऑरेगॅनो विकत आणायचीही गरज नाही. त्याच्या जाड, लवदार पानात आणि ऑरेगॅनोत कार्व्हाक्रॉल हे एकच सुगंधी द्रव्य असतं. दोन पानं अगदी बारीक चिरून घाला, जास्त नको, वास उग्र असतो. इटालियन बेसिल आणि आपला सब्जा एकाच जातीच्या वनस्पती आहेत, त्यामुळे सब्जाचं झाड असेल तर त्याची कोवळी पानंही हातानं तोडून घालता येतात. वास थोडा वेगळा लागतो, मला तो आवडतो. सगळं घालून, मिरी भुरभुरवून, तीन मिनिटं झाकून ठेवा आणि लगेच वाढा. माणसांनी पास्त्यासाठी थांबावं, पास्त्याला माणसांसाठी थांबवू नये.

काही बिघडलं तर

पाणी आटलं आणि पास्ता कच्चा आहे, तर ठेवलेलं उकळतं पाणी पळीपळीनं घाला. एकदम ओतू नका. उलट पास्ता शिजला आणि पाणी जास्त उरलं, तर आच वाढवून आटवायला जाऊ नका, तेवढ्यात तो फार मऊ होईल. भोपळ्याच्या पाच-सहा फोडी पातेल्याच्या कडेला दाबून मोडा आणि गॅस बंद करून जोरात ढवळा, दोन मिनिटांत सॉस जुळून येतो. बूड लागल्याचा वास आला तर खरवडू नका. वरचा पास्ता अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

दुप्पट करायचा असेल, म्हणजे अर्धा किलो, तर पाणी दुप्पट नको. वाफ भांड्याच्या तोंडातून जाते, आणि तोंड तर तेवढंच राहतं. 1300 मिलिलिटरनं सुरुवात करा.

जैन पद्धतीनं करायचा असेल तर कांदा, लसूण आणि गाजर गाळा, तेलात हिंग घाला आणि भोपळा 300 ग्रॅम घ्या. गोडसर दाटपणा भोपळ्यातूनच येतो. पोटभरीचा हवा असेल तर वाटीभर उकडलेली चवळी किंवा राजमा टोमॅटोबरोबर घाला. कडधान्य आणि पास्ता हा जोड इटलीच्या घरांत जुना आहे.

उरलेला पास्ता सकाळी डब्यात द्यायचा तर रात्रीच बाजूला काढून, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तो गोळा झालेला दिसेल. चार मोठे चमचे पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर वाफ आली की कालथ्यानं हलक्या हातानं सुटा करा. मग थोडं दूध आणि मिरी घालून पुन्हा एकदा हलवा, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत तो कोरडा पडत नाही.